करंजटोकाची जोड

हुपरीत माणसाला दोन नावं असतात. एक आईबाप ठेवतात, ते रेशनकार्डावर राहतं. दुसरं कट्टा ठेवतो, ते मरेपर्यंत चिकटतं. प्रभुलिंगअप्पांचं कट्ट्यावरचं नाव होतं 'समुद्रअप्पा'.

आता हुपरीचं आणि समुद्राचं काय नातं? इथून समुद्र गाठायचा तर आधी कोल्हापूर, मग गगनबावड्याचा घाट, आणि खाली उतरल्यावर आणखी निम्मं कोकण. या गावात चांदीचे पैंजण घडतात. घरोघरी सकाळी हातोडीची टकटक सुरू होते ती दिवेलागणीला थांबते. अशा गावात अप्पा तीस-पस्तीस वर्षं भेटेल त्याला सांगत आले होते, "माझ्या अज्जानं, नागाप्पानं, जहाजांचा दिवा घडवलाय. करंजटोकाचा. त्याच्या उजेडावर गलबतं घरला जात हुती."

"मग पैंजण कुणाला घालत हुता अज्जा? माशास्नी?" केरबा चहावाला विचारायचा आणि कट्टा खो खो हसायचा. अप्पाही हसायचे. दुसऱ्या दिवशी नवा माणूस दिसला की पुन्हा सुरू, "पावणं, तुमास्नी ठावं हाय का..."

पुरावा म्हणाल तर काही नव्हता. देवघराशेजारच्या देवळीत नागाप्पांचा लोखंडी ठसा होता, बेलपानाचा. त्या घरातून बाहेर पडणाऱ्या कामावर तो ठसा उमटायचा. करंजटोकाच्या दिव्यावरही आमचं बेलपान आहे, असं अप्पा छातीठोक सांगत. बघायला मात्र ते कधी गेले नाहीत. एकदा निघाले होते, पण घाटातूनच परत आले. रस्त्यावर दरड आल्याचं त्यांनी घरी सांगितलं. ते दिवस उन्हाळ्याचे होते. नीलम्मानं, त्यांच्या बायकोनं, काही विचारलं नाही. घाबरलेल्या माणसाची उलटतपासणी कशाला घ्यायची?

तिला स्वतःला ही गोष्ट लग्नानंतर पहिली दोन वर्षं खरी वाटली. पुढची तीसेक वर्षं तिचा नुसता कंटाळा आला. आणि चार वर्षांपूर्वी ती गोष्ट बंद झाली, तेव्हा घर सुनंसुनं वाटायला लागलं.

बंद झाली ती अशी. जुन्या कारागिरांच्या एका सत्काराला अप्पांना बोलावलं होतं. शाल-नारळ झाला. बोलणारा गडी जरा रंगात आलेला. तो माइकवरून म्हणाला, "आता हुपरीचं बंदर कुठं बांधायचं तेवढं समुद्रअप्पांनी सांगून टाकावं." मांडव हसून हसून लोळला. अप्पाही हसले. घरी आल्यावर त्यांनी शाल खुंटीला लावली आणि त्या दिवसापासून करंजटोकाचं नाव काढलं नाही. कट्टा सोडला. नजरही त्याच सुमारास गेली. जन्मभर फुंकणीनं ज्योत वळवून चांदीला डाग देत, म्हणजे सांधे जुळवत, थकलेले डोळे ते. समोरचा माणूस सावलीसारखा, आणि दिवा लागला की एक भुरकट गोळा, एवढंच उरलं. मधल्या खोलीतल्या बाजेवर ते पडून असायचे.

आणि मग जानेवारीत एका सकाळी दारात जीप थांबली.

जीपमधून पंचविशी-तिशीतली एक मुलगी उतरली, क्रांती नावाची. कुठल्याशा संग्रहालयाच्या कामावर होती, पण मूळची वारणानगरची, बाप साखर कारखान्यात. त्यामुळं चहा पुढं आल्यावर तिनं नको-नको न करता तो बशीत ओतून प्यायला. नीलम्माला ती तिथंच आवडली.

"मावशी, हातानं चांदी घोटणारं आता कुणी राहिलं न्हाय म्हणत्यात. सगळीकडं तुमचंच नाव सांगितलं," ती म्हणाली आणि ड्रायव्हरला हाक मारून तिनं एक घोंगडीत गुंडाळलेलं ओझं आत आणवलं. घोंगडी सोडली. आत एक मोठं, काळंकुट्ट, खोल भांडं होतं. परातीएवढं रुंद आणि कढईहून खोल. वर एक भोक, खाली एक भोक.

"ह्यो आरसा हाय," क्रांती म्हणाली. "तांब्याचा, आतनं चांदी दिलेला. ह्या खालच्या भोकातनं दिव्याची काच वर यायची, ज्योत बरोबर मधी. करंजटोकाच्या दीपस्तंभावरचा हाय."

मधल्या खोलीत बाज करकरली.

नीलम्माच्या हातातली बशी तशीच राहिली. तिनं आत पाहिलं. अप्पा उठून बसले होते, भिंतीकडे तोंड करून. तिनं नजर परत आरशाकडे वळवली. या मुलीपुढं सांगायचं, आणि उद्या बेलपान निघालंच नाही तर? माइकवरचं हसू परत एकदा घरात कशाला आणायचं?

क्रांतीला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती आपली भरभरून सांगत होती. करंजटोकाच्या खाली बुडीत खडक आहेत. त्यांवर किती गलबतं फुटली याची मोजदाद नाही. म्हणून दीडशे-एक वर्षांपूर्वी तिथं बुरूज बांधला. राखणदार रोज संध्याकाळी तेलाची बुधली घेऊन ब्याण्णव पायऱ्या चढायचा. बांधला तेव्हा बुरजापासून समुद्र तीनशे पावलं लांब होता. मधे राखणदाराचं घर, नाचणीचं शेत, गोड्या पाण्याची विहीर.

"आणि आता?" नीलम्मानं विचारलं.

"आता बुरजाच्या पायात लाटा शिरत्यात. आधी शेत गेलं, मग घर. विहीर तेवढी हाय अजून. पर कशी? भवतीची माती सगळी समुद्रानं न्हेली, दगडाचं बांधकाम तेवढं वाळूत उभं ऱ्हायलंय, धुराड्यागत. पूर्वी बायका वाकून जिच्यात बघायच्या, तिच्याकडं आता मान वर करून बघाय लागतंय, मावशी."

विहीर जमिनीतून वर येते हे नीलम्मानं कधी ऐकलं नव्हतं. डोळ्यांपुढं ती विहीर उभी राहिली, आणि तिच्या आत पाणी नाही, नुसतं आभाळ.

"पुढचा पावसाळा बुरूज काढत न्हाय," क्रांती म्हणाली. "त्याच्या आधी दगड उतरवून घ्यायचं चाललंय. किनाऱ्यापासनं आतल्या अंगाला संग्रहालय होणार, तिथं हा आरसा मांडायचा. वर दोन आरसं हुतं, शेजारी शेजारी. त्यातला एक अकरा वर्षांमागं वादळात गेला. दिव्याच्या खोलीची समुद्राकडची भित्तच कोसळली, त्यासंगं तो बी खाली. गंमत म्हंजे बांधायच्या नकाशात एकच आरसा दाखवलाय. दोन कधी झालं, का झालं, कुणालाच सांगता येत न्हाय." मग तिनं एक कागद पुढं केला. वीस दिवसांची मुदत, नग एक. नीलम्मानं सही केली.

जीप गेली. नीलम्मा आत आली आणि बाजेपाशी उभी राहिली.

"ऐकलासा न्हवं?"

"ऐकलं."

"मागची बाजू घासून बघतो मी. बेलपान—"

"नको," अप्पा म्हणाले. "आतली बाजू घोट आणि देऊन टाक. मागं कोण बघतंय?" थोड्या वेळानं, अगदी हळू, "एवढं तरी ऱ्हाऊ दे मला, नीला."

तिला सगळं कळलं. बघितलं नाही तोवर गोष्ट खरी असण्याला जागा होती. ती जागा त्यांना हवी होती. पण माणसाच्या मनाचं काय सांगावं! नवऱ्यानं नको म्हटलं म्हणून हातातली वस्तू उलटी करून न बघणारी बाई हुपरीत तरी जन्माला यायची आहे. दुपारी अप्पांचा डोळा लागल्यावर ती परसात बसली आणि चिंच लावून तिनं आरशाची पाठ घासायला घेतली.

काजळी निघाली, हिरवट राप निघाला. खालून तांबं वर आलं. बोटभर बोटभर करत तिनं सगळी पाठ उजळली. बेलपान नव्हतं. कडेला नव्हतं, भोकांजवळ नव्हतं, कुठंच नव्हतं. खालच्या कडेपाशी शेजारी शेजारी दोन बारीक ठिपके होते, खिळ्यानं ठोकल्यासारखे. बस.

ती किती तरी वेळ तशीच बसली. हात चिंचेनं आंबलेले. तीसेक वर्षं या माणसाच्या गोष्टीला ती कंटाळली होती, आणि आता ती खोटी निघाली तर तिलाच रडू येत होतं. संध्याकाळी अप्पांनी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पुढचे पाच दिवस दोघं एकमेकांशी फक्त जेवणाचं बोलले.

काम मात्र थांबलं नाही. वीरेशनं, त्यांच्या मुलानं, आतल्या बाजूला चांदीचा मुलामा चढवला. मग नीलम्मा अकीक घेऊन बसली. अकीक म्हणजे लाकडी मुठीत बसवलेला गुळगुळीत दगड. तो दाबून फिरवायचा, पुन्हा फिरवायचा, खांदा दुखून भरून येईपर्यंत फिरवायचा, तेव्हा चांदी पांढऱ्याची उजळ होते आणि उजळाची खोल होते. पैंजणाला हे काम तासाचं. याला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी तिनं आत डोकावलं तर आत एक राक्षसीण बसली होती, कपाळ पाटाएवढं! ती दचकून मागं सरली, मग स्वतःशीच हसली. पण हसता हसता तिला कसंसंच झालं. एवढी वर्षं चांदी घोटली, चांदीनं कधी असं उलटून तिच्याकडे बघितलं नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी तिनं आरसा रिठ्याच्या पाण्यानं धुतला आणि गच्चीवर नेला. धुतलेली चांदी उन्हात वाळवायची, ही हुपरीची रीतच आहे. गच्च्या गच्च्यांवर पैंजणांच्या चळती वाळत असतात. तिनं आरसा कठड्याला टेकवून सूर्याकडे तोंड करून ठेवला. खालच्या भोकातून धूळ शिरू नये म्हणून त्यात फडक्याचा बोळा कोंबला. त्याचा शेंडा आत वर आला होता, बरोबर जिथं ज्योत असायची तिथं. आणि ती खाली भाकरी टाकायला गेली.

दुसरी भाकरी तव्यावर होती, तेवढ्यात आतून अप्पांचा आवाज आला, "अगं, काय तरी जळतंय! वर जळतंय!"

ती धावली. गच्चीत कुणी नव्हतं. ना चूल, ना काडी. आरसा शांत उभा होता आणि त्याच्या पोटात फडकं पेटलं होतं. निळसर धूर सरळ वर जात होता. आणि आरसा, तिच्या हातांनी घोटलेला तो आरसा, असा उजळला होता की तिला त्याच्याकडे बघवेना.

"अय्यो शिवा..." तिनं पदरानं आरसा झाकला, फडकं ओढून विझवलं. मग पुन्हा बोटभर पदर सरकवून बघितलं. तिच्या एकदम ध्यानात आलं. ज्योतीचा उजेड ज्या वाटेनं बाहेर समुद्रावर जायचा, त्याच वाटेनं आज सूर्य आत आला होता आणि ज्योतीच्या जागी येऊन बसला होता. इतकी वर्षं काजळीखाली पडलेल्या भांड्याला आपल्या ज्योतीची जागा अजून माहीत होती.

अप्पा भिंत चाचपत वर आले होते. चार वर्षांत पहिल्यांदा ते गच्चीवर आले. नीलम्मानं घडलेलं सांगितलं. ते आरशापाशी खाली बसले. त्यांनी हात पुढं केला, मागं घेतला, आणि मग एकदाचा आरशाच्या काठावर ठेवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"मी मागची बाजू घासली," ती म्हणाली. "रागावू नगासा. बेलपान न्हाय."

अप्पांनी मान हलवली. जणू हेच ऐकायला ते सहा दिवस थांबले होते. "बरं," ते म्हणाले. "बरं झालं. संपलं एकदाचं."

"नुसतं दोन ठिपकं हायीत, खालच्या कडंला."

अप्पांचा हात थांबला.

"किती?"

"दोन."

"शेजारी का खाली-वर?"

"शेजारी. का वो?"

त्यांनी आरसा मांडीवर पालथा घेतला. बोट काठावरून फिरत गेलं, खाली आलं, थांबलं. एकदा पुढं गेलं, परत आलं.

"नीला," ते म्हणाले, "पैंजण आपण किती करतो?"

"किती म्हंजे? जोड करतो."

"एक कधी केलायस?"

"एक कशाला करंल कुणी? एका पायात का घालायचाय?"

"जोडीत बेलपान एकावरच मारायचं. पहिल्यावर. दुसऱ्यावर नुसतं दोन ठिपकं, म्हंजे दुकानात जोडी फुटली तरी वळखू यावी. अज्जाची रीत हुती. पॉलिश झाल्यावर, माल बाहेर पडताना पुरुषमाणसांनी मारायचं. तू लग्न होऊन आलीस त्या साली माझ्या बानं बंद केलं, म्हणून तुला ठावं न्हाय." त्यांचं बोट ठिपक्यांवरून हलत नव्हतं. "ह्यो दुसरा हाय, नीला. ह्यो जोडीतला दुसरा हाय!"

नीलम्मानं खाली पळत जाऊन वीरेशला वर आणलं आणि क्रांतीला मोठ्या आवाजावर फोन लावायला सांगितला. क्रांतीनं उचलला. सगळं ऐकल्यावर पलीकडं कागदांची सळसळ. मग ती म्हणाली, "मावशी, राखणदाराच्या जुन्या रोजनिशीची नक्कल माझ्यापाशी हाय. १९११ साल. एक ओळ मी चार वेळा वाचली हुती आणि लिवणाऱ्याची चूक म्हणून सोडून दिलती. ऐका. 'आरसा खराब झाल्यामुळे दुरुस्तीसाठी घाटावर चांदीकाम करणाऱ्याकडे गाडीने पाठवला. एक पाठवला होता, दोन परत आले. कारागीर सांगून पाठवतो की आमच्या घरातून एकटा नग बाहेर जात नाही. काय करावे, हुकूम व्हावा.'"

"मग?" अप्पांनी विचारलं.

"पुढं महिन्यानं लिवलंय, दोन्ही लावावेत असा हुकूम आला. आणि त्याच्या पुढच्या सालापासनं करंजटोक सगळ्या नकाशात 'दोन दिवे' म्हणून हाय, अप्पा. किनाऱ्यावर दुसरीकडं कुठंच जोडीचा दिवा न्हवता. खलाशी लांबनं दोन उजेड दिसलं की म्हणायचं, करंजटोक आलं, खडक सांभाळा. एक दिवा शुक्राची चांदणी वाटंल, होडीतला कंदील वाटंल. पर दोन म्हंजे करंजटोकच."

नीलम्मा त्या अजेसासऱ्याचा विचार करत होती, जो तिनं कधी पाहिला नाही. पैंजणवाला. समुद्र त्यानंही पाहिला नसेल. त्याला दुरुस्तीला आरसा दिला, आणि त्याच्या हाताला एकट्या नगावर काम संपवताच आलं नाही. जहाज काय, नकाशा काय, त्याला काही ठाऊक नव्हतं. सवयीनं दुसरा घडवला आणि बैलगाडीत घालून दिला. आणि त्या सवयीवर शंभर वर्षं माणसं जिवंत घरी गेली. तिला आपल्या दुखऱ्या खांद्याचाही आदर वाटायला लागला.

वीरेश जरा व्यवहारी. तो म्हणाला, "पर अप्पा, नाव तर पहिल्यावर हुतं. तो समुद्रात गेलाय. रोजनिशीत बी हुपरी लिवलेलं न्हाय. केरबा म्हणंल, ठिपकं काय कुणी बी मारंल."

"म्हणू दे," अप्पा म्हणाले. ते हसत होते. "अज्जाचं बेलपान समुद्राच्या बुडाशी हाय. बरोबर जागी हाय." मग आरसा त्यांनी सरळ केला आणि विचारलं, "कागदावर किती लिवलंय पोरीनं?"

"नग एक."

"एकटा न्हाय जायचा."

चौदा दिवस उरले होते. कोल्हापूरहून तांब्याचा पत्रा आला. अप्पा बाजेवरून उठून अंगणात बसले, ते उठेचनात. जुन्या आरशाच्या आतल्या अंगाला काजळ फासायचं, नव्या पत्र्याचा खोलगट त्यात टेकवायचा, उचलायचा. जिथं काळं लागलं तिथं पत्रा उंच. तिथं हातोडी. पुन्हा टेकवायचा. काळं कुठं लागलं ते नीलम्मा सांगायची, "डाव्या हाताला, दोन बोटं वर," आणि अप्पा बोटानं चाचपून नेमका तिथंच ठोका द्यायचे. हजारदा तरी झालं असेल. शेवटी एकदा टेकवून उचलला तर सगळा पत्रा सारखा काळा निघाला, कुठं मोकळी जागा नाही. नीलम्मानं सांगितल्यावर अप्पांनी हातोडी खाली ठेवली आणि हात जोडले. कुणाला जोडले ते त्यांनी सांगितलं नाही.

जुन्याचं काजळ धुतलं, नव्याला मुलामा झाला, घोटाई झाली. देवळीतला ठसा उतरवला. नव्या आरशाच्या पाठीवर अप्पांनी स्वतः बेलपान मारलं, एका ठोक्यात.

न्यायच्या आदल्या संध्याकाळी क्रांती आली, ती सोबत दोन जुने काचेचे दिवे घेऊनच. कुणी बोलावलं नव्हतं, पण गल्ली जमली होती. केरबा टपरी बंद करून आला होता आणि गप्प होता, ही एक नवलाईच. गच्चीच्या कठड्यावर दोन्ही आरसे शेजारी शेजारी मांडले. ओढ्यापलीकडं, उसाच्या शेतांमागं एक माळ आहे, अर्धा मैल असेल. आरशांची तोंडं तिकडं केली.

"मी तिकडं जातो," अप्पा म्हणाले.

"तुमाला दिसणार हाय का काय?" नीलम्माच्या तोंडून निघून गेलं, आणि तिनं जीभ चावली.

"दिवा जवळनं कोण बघतंय? दिवा लांबच्यासाठी असतोय," अप्पा म्हणाले आणि वीरेशच्या मोटारसायकलवर मागं बसून गेले सुद्धा.

सूर्य गेला. उसावर करडा अंधार उतरला. वीरेशचा फोन आला की माळावर पोचलोय, अप्पांना उभं केलंय. क्रांतीनं फोन मोठ्या आवाजावर करून कठड्यावर ठेवला. नीलम्मानं पहिल्या दिव्याची वात पेटवली, काच बसवली.

वात बोटभर. देवापुढं लावतो तेवढीच. आणि आरसा सबंध भरून गेला. त्यातून एक पांढरा पट्टा निघाला, उसाच्या तुऱ्यांवरून सरकत गेला, ओढा ओलांडला आणि पलीकडच्या अंधारात शिरला. तुऱ्यांवर बसलेले बगळे उठले आणि त्या उजेडात क्षणभर चांदीचे झाले. गल्लीतल्या बायकांनी नकळत हात जोडले. केरबानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"अव्वा!" फोनमध्ये वीरेश ओरडला. "अगं माझी सावली पडल्या हितं! अर्ध्या मैलावर! एका वातीची!"

"अप्पास्नी दिसतंय का?" तिनं विचारलं.

फोनमधून वारा ऐकू आला. मग अप्पांचा आवाज, सावकाश. "दिसतंय. भुरकट हाय. पर हाय."

पुढचं नीलम्मानं कुणाला सांगितलं नाही. क्रांतीला खूण करून तिनं फोनवर हात ठेवला आणि दुसरा दिवा उचलला, बेलपानाच्या आरशाचा. काडी दोनदा विझली. तिसरी लागली. तिनं ज्योत आरशाच्या पोटात, तिच्या जागेवर बसवली, आणि फोनवरचा हात काढला.

पलीकडून वाऱ्याचा आवाज तेवढा येत राहिला. नीलम्माला वाटलं, नाही कळलं त्यांना. कसं कळावं? त्या डोळ्यांना एक काय आणि दोन काय.

"नीला," अप्पा म्हणाले. "दुसरा लावलास न्हवं?"

गल्ली तिच्या तोंडाकडे बघत होती.

"व्हय," ती म्हणाली. "लावला."

"मग केरबाला सांग," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चार वर्षांपूर्वीसारखा खणखणीत झाला, "करंजटोक आलं म्हणावं. खडक सांभाळ."